टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

मे महिन्यातली दुपार, खंबाटकीचा चढ, आणि डाव्या कडेला बॉनेट वर करून उभी असलेली एक छोटी पेट्रोल गाडी. या घाटाला हे दृश्य नवं नाही. गाडीच्या सावलीला टेकलेल्या आजी, वेफर्सच्या पाकिटावरून भांडणारी मुलं, गाडीमालकाच्या हातात ओला नॅपकिन, आणि रेडिएटरच्या झाकणाकडे गेलेला त्याचा हात मनगटाला धरून अडवणारा, मागच्या ट्रकवरचा क्लीनर. "भाजंल सायेब. निवू द्या जरा." पाऊण तासानं झाकण निघालं. आत बोट घातलं तरी काही लागेना. तळाशी कुठंतरी गंजाच्या रंगाचं पाणी तेवढं डचमळत होतं. इथवर सगळं समजण्यासारखं होतं. न समजणारी, म्हणूनच डोक्यात रुतून बसलेली गोष्ट शेजारीच होती. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पांढरी प्लास्टिकची टाकी वरच्या रेघेपर्यंत भरलेली होती, हिरव्यागार कूलंटनं. मालक पुन्हा पुन्हा तिच्याकडे बोट दाखवत होता. "रोज बघतो हो मी. भरलेलीच असते."

बघत असणारच. ती टाकी अर्धपारदर्शक असते, तिच्यावर रेघा असतात, बॉनेट उघडलं की आधी तीच नजरेत भरते. पण टाकीतलं कूलंट आणि इंजिनातलं कूलंट यांच्यामध्ये रेडिएटरचं झाकण असतं, आणि त्या झाकणाला एक नाही, दोन कामं असतात. त्यात दोन झडपा आहेत. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, दाब झाकणावर छापलेल्या आकड्याच्या, म्हणजे ०.९ किंवा १.१ बारच्या, पुढे गेला की मोठी झडप उचलली जाते आणि जादा कूलंट बारीक नळीतून टाकीत जातं. रात्री इंजिन निवलं की आत निर्वात होऊ लागतं, मग मधली छोटी झडप उघडते आणि टाकीतलं कूलंट त्याच नळीनं परत ओढलं जातं. हा येण्याजाण्याचा रिवाज रोजचा. आता झाकणाच्या वरच्या कडेचं रबर वाळून कडक झालं, किंवा ती बारीक नळी तोंडाशी चिरली, की निवताना आत कूलंटऐवजी हवा ओढली जाते. टाकीत कूलंट आहे तसंच राहतं. वॉटर पंपाच्या सीलमधून दिवसाकाठी चार थेंब पाझरत असतील, तर त्या थेंबांची जागा महिनोन्‌महिने हवा घेत जाते आणि टाकीला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून टाकीतली पातळी कधीच हलत नसेल, तर खूश होऊ नये.

गरम इंजिनावर ती थोडी चढलेली आणि सकाळी थोडी उतरलेली दिसली पाहिजे. सकाळी रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला, तर छोटी झडप चिकटलेली असते. झाकण बदलायला मिनिटही लागत नाही, मात्र आकडा तोच हवा. ०.९ च्या जागी "जरा दणकट असू दे" म्हणून १.१ चं लावलं, तर जुने पाइप आणि रेडिएटरची प्लास्टिकची टोकं तो जादा दाब सोसतीलच असं नाही. युरोपीय धाटणीच्या आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं. तिथं टाकी स्वतःच दाबाखाली असते आणि तिचंच झाकण हे सगळं सांभाळतं. अशा गाडीत टाकीची पातळी खरं बोलते.

घाटात पाणी ओतणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अ‍ॅम्बॅसिडरच्या डिकीत पाण्याचा डबा असायचाच, आणि निम्म्या चढावर झऱ्याशी, टपरीशी गाडी थांबवून बॉनेट उघडणं हा प्रवासाचाच भाग असायचा. त्या गाड्यांना ते चालून जायचं, कारण इंजिन बिडाचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, दाब बेताचा. आत क्षार साठला तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत सळई घालून साफ करायचा, गळती लागली तर झाळ मारून द्यायचा. अ‍ॅसिड आणि तापलेल्या कथलाचा वास येणारी ती दुकानं आता विरळ झाली. आजच्या छोट्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या कागदासारख्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या दुमडून बसवलेल्या. झाळायला जागाच नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिनाचं हे वरचं झाकण एकदा नको इतकं तापलं की वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं, कूलंट ऑइलमध्ये शिरतं, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसायला लागते. गाड्या बदलल्या, बाटलीभर पाणी ओतणारा हात मात्र तोच राहिला.

कूलंटच्या कॅनवर अँटीफ्रीझ लिहिलेलं असतं, आणि जळगावात पारा ४५ वर असताना ते वाचून हसू येतं. आपल्याला गोठण्याशी देणंघेणं नाही, उकळण्याशी आहे. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचावर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर फॅन त्याच सुमाराला चालू होतो. म्हणजे झाकण दाब धरत नसेल आणि आत साधं पाणी असेल, तर फॅन फिरायची आणि पाणी उकळायची वेळ एकच. लेहला तर ८८-८९ अंशांना उकळी फुटते, फॅनची पाळी येण्याआधीच. झाकण धड असेल तर ०.९ बार दाबाखाली, समुद्रसपाटीला, साधं पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरतं आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, असेल तर १२५ च्याही पुढे. मग ग्लायकॉल जितकं जास्त तितकं बरं, असा हिशोब लोक मांडतात आणि निव्वळ कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, ओततात. तिथं गणित उलटं फिरतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. ग्लायकॉल वाढेल तसं ते सामर्थ्य कमी होतं आणि द्रव दाट होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल होतं. पुढच्या मर्लिनमध्ये ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि वर दाब अशी व्यवस्था आली. आज आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या तयार कूलंटच्या कॅनवर बहुधा हेच ३०:७० असतं.

पण कूलंट बदलायचं ते ग्लायकॉल संपतं म्हणून नाही. ते वर्षानुवर्षं टिकतं. संपतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं. एकाच द्रवात अ‍ॅल्युमिनियम, बीड, पोलाद, कुठं तांबं, कुठं कथील अशी सगळी मंडळी एकत्र नांदत असतात आणि त्यांच्यात विजेची देवाणघेवाण होऊ नये एवढ्यासाठी ती रसायनं असतात. जुन्या हिरव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये ती साधारण २ वर्षांत किंवा ४०,००० किलोमीटरच्या आसपास थकतात, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या लाँग लाइफ कूलंटमध्ये ५ वर्षं किंवा जास्त चालतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ती संपली तरी रंग तसाच राहतो, कारण रंग हा निव्वळ रंग आहे. हिरवा म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक असा कुठलाही नियम नाही; दोन कंपन्यांची निळी कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत फॉस्फेट चालतं आणि सिलिकेट टाळतात, कारण त्यानं पंपाचं सील झिजतं असं त्यांचं मत. युरोपात जड पाण्यामुळे फॉस्फेटला नाकं मुरडतात, सिलिकेट चालतं. म्हणून कॅन हातात घेतला की पुढचं चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६, आयएस ५७५९ असे मानकांचे क्रमांक तिथं असतात, आणि ते गाडीच्या पुस्तकात मागितलेल्या जातीशी जुळतात का ते पाहावं. काहीच न लिहिलेला, नुसताच "सुपर कूल" म्हणणारा कॅन दुकानदाराला परत करावा.

आतलं कूलंट अजून जिवंत आहे का हे घरी अदमासे कळतं. इंजिन थंड आणि बंद असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक रेडिएटरच्या कूलंटमध्ये कुठल्याही धातूला न टेकवता बुडवावं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावावं. ०.१-०.२ व्होल्ट ठीक, ०.३-०.४ च्या पुढे आकडा गेला तर कूलंट स्वतःच क्षीण बॅटरी झालेलं असतं. ही ढोबळ चाचणी आहे, अर्थिंग खराब असेल तरी आकडा फुगतो. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, रसायनांबद्दल मूग गिळून बसतो.

पाणी कोणतं, यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास चर्चासत्र भरतं. बोअरचं पाणी नकोच. कढईच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच हेडच्या सगळ्यात तापलेल्या भिंतीवर, एक्झॉस्ट झडपांच्या आसपास बसतो आणि तिथली उष्णता अडवतो. शिवाय कूलंटमधलं फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमशी जुळून गाळ करतं. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन. आरओचं पाणी बरं वाटतं, पण बहुतेक घरगुती यंत्रं चवीसाठी थोडे क्षार परत सोडतात. एसीचं थेंबथेंब साठवलेलं पाणी म्हणजे कॉइलवरून धूळ आणि धातू धुऊन आलेलं पाणी. इन्व्हर्टरसाठी मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी, ५ लिटरचे तीन कॅन, एवढं आणलं की वाद मिटतो. दुकानात "बॅटरीचं पाणी" मागताना अ‍ॅसिडचा कॅन हातात येत नाही ना, एवढं मात्र बघावं.

आता कूलंट बदलायचं प्रत्यक्ष काम. समजा १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि पुस्तकात एकूण कूलंट ५ लिटर दिलंय. गाडी रात्रभर उभी असावी, जमीन सपाट असावी, नाक किंचित वर असेल तर उत्तम. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन फिरू शकतो, म्हणून इंजिन पूर्ण थंड नसेल तर बोटं पात्यांपासून लांब. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. बहुतेक छोट्या गाड्यांत न उचलताच, बंपरखालचं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं की हात पोचतो. रेडिएटरच्या तळाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रेन प्लग असतो, दोन पाकळ्यांच्या चावीसारखा. त्याखाली घमेलं सरकवावं आणि तो बोटांनीच फिरवावा. पक्कड लावली की पाकळी हातात येते, कारण वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. आधी बारीक धार लागते. वरचं झाकण काढलं की हवा आत शिरते आणि धार एकदम जाड होऊन घमेल्याबाहेर उडते. घमेलं आधीच थोडं पुढे सरकवून ठेवलेलं बरं. प्लग हलतच नसेल तर हट्ट सोडून खालचा होज पाइप काढावा. क्लिप पकडीनं दाबून मागे घ्यायची, पाइप आधी गोल पिळून चिकटपणा मोडायचा आणि मगच ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटला तर रेडिएटरचं प्लास्टिकचं नाक तडकतं, आणि फुकटात करायला घेतलेलं काम नव्या रेडिएटरपर्यंत जातं.

निघालेलं मोजायचं. बादलीवर आधीच मार्करनं लिटरच्या खुणा करून ठेवाव्यात.

या एका गोष्टीचा कंटाळा जवळजवळ सगळे करतात, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात. ५ लिटरच्या गाडीतून ३ लिटर निघतात. उरलेले २ लिटर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, पोटात आणि डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यासाठीच्या छोट्या रेडिएटरमध्ये, बसून राहतात. म्हणजे नुसतं काढून भरलं तर ४० टक्के जुनंच. डिस्टिल्ड पाणी ३ लिटर भरून, इंजिन थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत चालवून, पुरतं निवू देऊन परत काढलं की जुनं उरतं १६ टक्के. आणखी एकदा केलं की ६ टक्क्यांच्या थोडं वर. दोन धुण्यांनंतर निघणारं पाणी बहुधा स्वच्छ दिसतं. तिसरं करायचं ते जात बदलायची असेल किंवा पाणी अजून तांबूस येत असेल तर. मधल्या निवण्याला दरवेळी दोन-तीन तास जातात, आणि ते चुकवून तापलेल्या ब्लॉकमध्ये नळाचं गार पाणी सोडणं म्हणजे हेडला तडा जायचं आमंत्रण. रविवार जातो. दोन रविवार गेले तरी चालतील. याच फेऱ्यांत टाकीही सोडवून घ्यावी आणि मूठभर तांदूळ घालून खळखळून धुवावी, तिच्या तळाशी चिखल असतो. बाजारात मिळणारं रेडिएटर फ्लश हे रसायन गंज दिसला तरच वापरावं. साफसुथऱ्या गाडीला त्याची गरज नसते, आणि फार जुन्या रेडिएटरमध्ये क्षारांच्या खपल्यांनीच बुजलेली छिद्रं ते मोकळी करून ठेवतं.

आणि आता ती जागा, जिथं बहुतेक जण, गॅरेजवाल्यांसह, चुकतात. धुऊन झाल्यावर शेवटचं पाणी काढलं तरी आत २ लिटर पाणी बसलेलंच आहे. त्यावर ३०:७० चं तयार कूलंट ३ लिटर ओतलं तर त्यातलं कॉन्सन्ट्रेट ०.९ लिटर, एकूण ५ लिटरमध्ये १८ टक्के. महागडं कूलंट घातल्याचं समाधान आणि आत पाणचट सरबत. गंजरोधक रसायनंही त्याच प्रमाणात पातळ. धुणं केलं असेल तर तयार कूलंट बाजूला ठेवून कॉन्सन्ट्रेटच आणायला हवं. ३० टक्क्यांसाठी दीड लिटर, ५० टक्क्यांसाठी अडीच लिटर. पुस्तकाची आडकाठी नसेल तर ४० टक्के सोयीचे: आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट, वरून १ लिटर डिस्टिल्ड पाणी, म्हणजे आत उरलेल्या पाण्याचा अंदाज थोडा चुकला तरी ३० च्या खाली जायची भीती नाही. तयार कूलंटच वापरायचं असेल तर पाण्याऐवजी त्यानंच दोनदा धुवावं. खर्च वाढतो, डोक्याला ताप नाही.

भरताना घाई नडते. ड्रेन प्लगची ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदलून, प्लग बोटांच्या जोरानंच बसवून, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून, नरसाळ्यातून सावकाश ओतायचं. भसाभसा ओतलं की खालून वर यायला बघणारी हवा कोंडली जाते. ओतता ओतता वरचा होज पाइप मुठीनं दाबत राहावं, बुडबुडे गळ्यापाशी येऊन फुटतात. काही गाड्यांत पाइपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो ढिला करून त्यातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत भरायचं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू. पाच-दहा मिनिटं काहीच घडत नाही आणि इथंच माणसं अधीर होतात. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, तेव्हा गळ्यातली पातळी एकदम खाली जाते, किंवा आधी ढेकर देऊन वर येते आणि मग खाली. चेहरा त्यावर वाकवून उभं राहू नये. खाली गेलेली पातळी भरून झाकण लावायचं, टाकी दोन रेघांच्या मध्ये ठेवायची, आणि फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. डॅशबोर्डमधून गरम वारा आला पाहिजे. तापमानाचा काटा मध्यावर आणि वारा गार, म्हणजे हीटर कोअरमध्ये हवा अडकली आहे. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येणं हेही त्याचंच लक्षण.

शेवटी बादलीच्या खुणांकडे परत यायचं. ३ लिटर निघाले असतील तर ३ लिटर आत गेले पाहिजेत. सव्वादोन लिटरवर गळा भरला असेल तर उरलेला पाऊण लिटर ही हवा आहे, आणि ती नेमकी हेडच्या वरच्या कप्प्यात, जिथं आग सर्वांत जवळ, तिथं जाऊन बसते. तापमानाचा सेन्सरही बहुधा तिथंच असतो. तो द्रवात बुडालेला असेल तर खरं बोलतो. कोरड्या हवेत लोंबकळत असेल तर काटा खाली दाखवतो आणि इंजिन मात्र भाजत असतं. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. लाल पेटेपर्यंत सगळं छान. त्यामुळे पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, रेडिएटरचंच झाकण उघडून गळ्यापर्यंत भरलेलं आहे का ते पाहायचं. हळूहळू अडकलेली हवा सुटते, पातळी थोडी उतरते, तेवढी भरायची. पुढे ती स्थिर राहते. चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. पंपाखाली पांढरट-हिरव्या सुकलेल्या खुणा शोधाव्यात, पायाजवळचं कार्पेट चिकट लागतंय का बघावं. बाहेर कुठंच काही नसेल आणि एक्झॉस्टमधून गोडसर पांढरा धूर येत असेल, तर गॅस्केटची शंका घेऊन मेकॅनिककडे जावं.

इथं एका जुन्या सवयीबद्दल बोललं पाहिजे. गाडी तापते म्हटलं की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून हातात देतात. "आपल्या हवेला व्हॉल्व्ह लागतच नाही." गाडी खरंच तापायची थांबते, म्हणून सगळे खूश. पण इंजिन तापमानाला येतच नाही, संगणकाला वाटतं अजून थंडी आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढला तर ती कायमची उघडी राहते, बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं, आणि नेमकी घाटात गाडी आणखी तापते. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यावर छापलेल्या अंशाला उघडायला लागला आणि पाणी निवल्यावर मिटला तर तो निर्दोष आहे. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

कारण हा द्रव विष आहे, आणि गोड आहे. कूलंट सांडलं की येणारा तो काकवीसारखा वास फसवा असतो. यकृत त्याचं रूपांतर शेवटी ऑक्झॅलिक आम्लात करतं आणि त्याचे कॅल्शियमबरोबर झालेले स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. मोठ्या माणसाला १०० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध ग्लायकॉल प्राणघातक ठरू शकतं, मांजराला दोन चमचेही पुष्कळ होतात. याच्याच भावकीतलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरिन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलं गेलं आणि १४ जण दगावले. चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगामुळे ते प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या पार्किंगमध्ये उन्हाच्या वेळी गाडीखाली कुत्री झोपतात, मांजरं इंजिनाच्या उबेला येतात. घमेलं भरून ठेवून चहाला वर जाणं हे या कामातलं सगळ्यात वाईट काम. थेंब सांडला तरी त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो उचलायचा, मग भरपूर पाण्यानं जागा धुवायची. कुणी चाटलंच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे, कॅन बरोबर घेऊन. उतारा असतो, पण तो लवकर मिळावा लागतो.

आणि निघालेलं जुनं कूलंट? याला आपल्याकडे धड उत्तर नाही, हे कबूल करायला हवं. गटारात ओतू नये: नाल्यातले जंतू ताजं ग्लायकॉल खाऊन टाकतात खरे, पण ते करताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि जुन्या कूलंटमध्ये गाडीच्या पोटातलं तांबं, शिसं उतरलेलं असतं. झाडाला तर नाहीच नाही. रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वर मोठ्या अक्षरांत "जुनं कूलंट, विष" लिहून ते एखाद्या मोठ्या वर्कशॉपला द्यायचं, जिथं वापरलेल्या ऑइलचे ड्रम अधिकृत पुनर्वापरवाला घेऊन जातो. फोन करून आधी विचारलेलं बरं. ऑइल घेतो, कूलंट नको म्हणणारेही भेटतात. दोन धुण्यांचं धरून कॅन तीन-चार होतात आणि ते पहिल्या काउंटरवर कुणी घेत नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला ओलांडून फ्लोअर सुपरवायझरला गाठलं, तर बहुधा तोच मागच्या दारानं आत घेतो.